झाडाचं आहे म्हणून

"मॅडम, हे तर झाडाचंच आहे." नमुना घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण बाटली टेबलावर ठेवता ठेवता हे वाक्य बोलतो. झाडाचं आहे, म्हणजे त्यात तपासण्यासारखं काही नाही, तेवढा कागद द्या, असा त्यातला सूर असतो. मुंबईतल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी पदार्थांच्या सुरक्षिततेचं काम करते. रंग, लेप, गोळ्यांत भरायच्या भुकट्या हे आमचं जुनं गिऱ्हाईक. अलीकडे त्यात नॅनोसेल्युलोजची भर पडली आहे. सरकीवरचं आखूड तूस, उसाचं चिपाड, केळीचा बुंधा, भाताचा पेंढा, बांबू यांपासून काढलेला हा माल कुणी पांढऱ्या पुडीच्या रूपात आणतं, कुणी बरणीत भरलेल्या, कपड्याला घालायच्या खळीसारख्या दाट, अर्धपारदर्शक लगद्याच्या रूपात.

या पदार्थावर माझा जीव आहे, हे आधीच सांगते. झाडाला उभं ठेवणारं सेल्युलोज आपल्या कागदात आहे, सुती कपड्यात आहे आणि आपण गिळतो त्या बहुतेक गोळ्यांतही आहे. गोळी बांधायला वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज हे नॅनोसेल्युलोजचं थोरलं भावंडच. हेच सेल्युलोज आणखी सुटं करत नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या मापापर्यंत नेलं, की त्याचे गुण पालटतात. कागदात थोडंसं मिसळलं तरी ताकद वाढते. त्याचा पातळ थर ऑक्सिजन अडवतो, त्यामुळे खाऊच्या पाकिटातला प्लास्टिकचा एखादा थर कमी करता येईल अशी आशा आहे. जखमेच्या पट्टीपासून सिमेंटपर्यंत त्याचे प्रयोग चालू आहेत. मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, १९२४ साली सुरू झालेली. तिथे नॅनोसेल्युलोज बनवण्याचा प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला, तेव्हा आम्हा मंडळींना मनापासून आनंद झाला होता. विदर्भ-खानदेशातल्या शेतात जे जाळलं जातं, त्याला मोल येईल असं वाटण्याजोगी ही वाट आहे. म्हणूनच ती चुकीच्या घाईने बिघडू नये असं मला वाटतं.

बनवण्याच्या मुख्य दोन तऱ्हा. पहिलीत साधारण ६४ टक्के तीव्रतेचं सल्फ्युरिक अ‍ॅसिड ४५ अंशांच्या आसपास तापवून त्यात सेल्युलोज तासभर ढवळतात. तंतूमधला विस्कळीत भाग विरघळतो आणि घट्ट रचनेचे स्फटिक उरतात. जाडी थोडे नॅनोमीटर, लांबी शंभर ते काहीशे नॅनोमीटर, अशा बारीक काड्या. स्वीडनमध्ये उप्सालाला बेंग्ट रॉन्बी यांनी १९५० च्या सुमारास या दिशेचं पहिलं काम केलं. दुसऱ्या तऱ्हेत अ‍ॅसिड नाही, जोर आहे. दूध एकजीव करायला डेअरीत जे होमोजिनायझर यंत्र असतं, त्यातूनच लाकडाचा लगदा प्रचंड दाबाने पुन्हा पुन्हा काढायचा, हा उद्योग अमेरिकेत रेयॉनियर कंपनीतल्या टर्बाक आणि सहकाऱ्यांनी केला आणि १९८३ मध्ये तो छापून आला. यातून निघतात ते लांब, वळणदार, एकमेकांत गुंतलेले तंतू. दोन टक्के तंतू आणि अठ्ठ्याण्णव टक्के पाणी एवढंच असूनही बरणी उलटी केली तरी लगदा खाली पडत नाही.

काड्या आणि तंतू हा फरक मी पुन्हा पुन्हा सांगत असते, कारण सुरक्षिततेचा निम्मा प्रश्न तिथेच आहे. दोन्ही बाटल्यांवर नाव एकच असतं, आतला माल मात्र फुप्फुसाच्या दृष्टीने वेगळा.

आमच्या प्रयोगशाळेत एक मामा होते. काचेची भांडी, अवजड सिलिंडर, वजनकाटे सगळं त्यांच्या ताब्यात. १९८२ च्या संपाआधी ते परळच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात बदली कामगार होते. आमच्याकडे पहिल्यांदा पांढरी पूड आली, तेव्हा मी त्यांना मास्क लावून वजन करा म्हटलं. सोबतचा तरुण सहकारी म्हणाला, कापसाचीच तर आहे. मामा त्याच्याकडे वळून म्हणाले, "कापसाचीच म्हणतोस? आमच्या खात्यात कापसाशिवाय दुसरं होतं काय? सुट्टी संपवून पहिल्या पाळीला गेलं की छाती आवळायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतार पडायचा. आम्ही म्हणायचो, सवय झाली. माझा जॉबर पुढे जिना चढू शकत नव्हता."

मामा सांगत होते त्या दुखण्याचं नाव बिसिनोसिस. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत, ते होतं. अमेरिकेने १९७८ मध्ये कापसाच्या धुळीवर कायदेशीर मर्यादा आणली. सूतकताईच्या खात्यात एका घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम. नुसत्या डोळ्यांना हवा स्वच्छ दिसावी इतकी ती मर्यादा कमी आहे. कापूस झाडाचाच होता. ताग, अंबाडी, जवसाचा धागा हेही झाडाचेच, आणि जवसाचा धागा विंचरणाऱ्यांच्या खोकल्याची नोंद इटलीतल्या रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला करून ठेवली आहे.

यातली खरी शिकवण थोडी आत दडलेली आहे. बिसिनोसिसचा मुख्य आरोपी सेल्युलोज नाही. कापसाच्या बोंडाला चिकटलेल्या पानाच्या चुऱ्यावर जिवाणू वाढतात आणि त्यांच्या कवचातलं एंडोटॉक्सिन धुळीबरोबर छातीत जातं. संशोधकांचा सर्वाधिक संशय त्याच्यावर आहे. म्हणून तर अमेरिकेच्या त्या नियमांत विशिष्ट पद्धतीने पाण्याने धुतलेल्या कापसाला सवलत दिलेली आहे. थोडक्यात, पदार्थ कशाचा आहे एवढं पाहून भागत नाही. त्याच्या अंगाला काय लागून आलं आहे हेही पाहावं लागतं.

नॅनोसेल्युलोजमध्ये हाच पाहुणा पुन्हा भेटतो. अ‍ॅसिडमधून काढलेल्या काड्या धुवायच्या म्हणजे पातळ पडद्याच्या नळीत भरून पाण्यात ठेवायच्या आणि पाणी बदलत राहायचं. अ‍ॅसिड झिरपून निघून जाईपर्यंत हे काही दिवस चालतं. मुंबईच्या उन्हाळ्यात, खोलीच्या तापमानाला, पिंपातल्या साध्या पाण्यात काही दिवस. जिवाणूंना याहून काय हवं? तिखट अ‍ॅसिडमधून आलेला माल जवळजवळ निर्जंतुक असतो, आणि शुद्ध करायच्या पायरीवरच त्यात एंडोटॉक्सिन शिरतं. मग हा नमुना पेशींवर टाकला, की पेशी दाह दाखवतात आणि ठपका सेल्युलोजवर येतो. उलटही घडतं. एखाद्याचा माल खरोखरच स्वच्छ असतो आणि त्यावरचा निर्वाळा तो गल्लीतल्या दुसऱ्याच्या मालालाही लावून टाकतो.

बरं, एंडोटॉक्सिन मोजायचं तरी सोपं असावं! त्याची रूढ चाचणी हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्री जिवाच्या रक्तपेशींच्या अर्कावर चालते. एंडोटॉक्सिन असलं की अर्क गोठतो किंवा रंग बदलतो. पण तोच अर्क एका जातीच्या ग्लुकानलाही प्रतिसाद देतो, आणि सेल्युलोजच्या गाळण्यांतून, पडद्यांतून हे ग्लुकान सुटतं. त्यामुळे वनस्पतीजन्य नमुन्यात नसलेलं एंडोटॉक्सिन असल्यासारखं दिसतं. ग्लुकानची वाट अडवणारं वेगळं द्रावण घालून चाचणी पुन्हा लावली, तरच आकड्यावर विश्वास ठेवता येतो. एका नमुन्याचा पहिला आकडा पाहून आम्ही चक्रावलो होतो आणि हे द्रावण घातल्यावर तो कितीतरी खाली आला. ही दुसरी चाचणी लावलेली नसेल, तर अहवालातल्या एंडोटॉक्सिनच्या रकान्याकडे मी बघतसुद्धा नाही.

आता खुद्द तंतूबद्दल. अ‍ॅस्बेस्टॉसने जगाला जी किंमत मोजायला लावली, तिच्यातून धोकादायक तंतू ओळखायचे तीन निकष तयार झाले: तो फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचण्याइतका बारीक आहे का, साफसफाई करणाऱ्या पेशीला गिळता येणार नाही इतका लांब आहे का, आणि शरीरात न विरघळता टिकून राहतो का. मॅक्रोफेज नावाची ही पेशी साधारण पंधरा-वीस मायक्रॉनपेक्षा लांब ताठ तंतू पुरता गिळू शकत नाही. अर्धवट गिळलेल्या तंतूशी झुंजताना ती दाह पेटवणारी रसायनं सोडत राहते. अ‍ॅसिडच्या काड्या याहून कितीतरी आखूड, त्यामुळे त्या निकषात सहसा अडकत नाहीत. होमोजिनायझरचे तंतू लांब असू शकतात, पण ते ताठ नसतात, वळतात. तिसरा निकष मात्र दोघांनाही लागू होतो. सेल्युलोज तोडणारा विकर माणसाच्या शरीरात नाही. गाय गवत पचवते ते तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर. आपल्या फुप्फुसात ती सोय नाही. पोटात गेलेलं सेल्युलोज मुकाट्याने बाहेर पडतं. छातीत खोलवर गेलेलं तिथे मुक्कामाला राहतं. उंदरांच्या फुप्फुसात मोठी मात्रा थेट सोडलेल्या प्रयोगांत दाह दिसलेला आहे. पुष्कळदा तो काळानुसार ओसरतो, पण कोणता नमुना, किती लांबीचा, किती स्वच्छ, यावर निकाल बदलतात. अ‍ॅस्बेस्टॉसशी याची बरोबरी करणारं भय मला पटत नाही. पण भय खोटं ठरलं म्हणून काळजी सोडायची, हेही पटत नाही.

पोटाचा विषय मी लवकर आटोपते, कारण तिथे चित्र बरंच आश्वासक आहे. उंदरांना नव्वद दिवस आहारातून तंतुरूप नॅनोसेल्युलोज देऊन केलेल्या अभ्यासात वाईट परिणाम दिसला नाही. हार्वर्डच्या गटाने पचनाचं प्रयोगशाळेतलं प्रारूप वापरून दाखवलं, की ते स्निग्ध पदार्थांचं पचन कमी करतं. यावरून काहींनी लगेच वजन उतरवायच्या गोळ्यांची स्वप्नं पाहिली. मला त्यात आधी जीवनसत्त्वांचा विचार येतो, कारण अ, ड, ई, के ही स्निग्धाबरोबरच शोषली जातात.

खरा प्रश्न कामगाराच्या नाकाशी आहे. जो अ‍ॅन शॅटकिन यांच्या गटाने २०१५ मध्ये नॅनोसेल्युलोजचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा धोक्याचा आराखडा मांडला, तेव्हा त्यांनीही कामाच्या जागी कोरडी पूड श्वासातून जाणं हाच सगळ्यात आधी तपासायचा मुद्दा ठरवला. आपल्याकडे या पदार्थासाठी वेगळी कायदेशीर मर्यादा नाही. ब्रिटिश मानक संस्थेने २००७ मध्ये न विरघळणाऱ्या नॅनोतंतूंसाठी एका घनसेंटिमीटर हवेत ०.०१ तंतू ही सावधगिरीची रेषा सुचवली होती. मी तीच समोर ठेवते. पण ती मोजायची कशी?

अ‍ॅस्बेस्टॉस मोजताना हवा ज्या गाळणीतून ओढतात, ती गाळणी बहुधा सेल्युलोजच्याच संयुगाची असते. सेल्युलोज शोधायला सेल्युलोजची गाळणी चालत नाही, म्हणून आम्ही पॉलिकार्बोनेटची गाळणी बसवतो. त्या गाळणीची डबी कामगाराच्या कॉलरला, नाकापासून वीतभर अंतरावर, चिमट्याने लावायची आणि नळी कमरेच्या छोट्या पंपाला जोडायची. कामगाराच्या अंगात सुती डगला असेल, तर त्याचेच धागे गाळणीवर येतात, तेव्हा तो बदलून टायव्हेकचा अंगरखा द्यावा लागतो. कामाआधीच्या रिकाम्या खोलीचा नमुना वेगळा घ्यायचा, कारण पडदे, पुठ्ठे, टिश्यू पेपर सगळीकडून सेल्युलोज उडत असतं. शेजारी कण मोजणारं यंत्र चालू ठेवलं, तर बाहेरून ट्रक गेला की तेही उसळी मारतं. आकडा चढला म्हणजे पूड उडाली असं नसतं. कोण काय करत होतं, ते मिनिटामिनिटाला वहीत लिहावं लागतं.

एका लहान कारखान्यात स्प्रे ड्रायरच्या पाळीला आम्ही असं मोजमाप केलं. मालकांचा समज होता, यंत्र चालू असताना धूळ होत असेल. यंत्र चालू असताना आकडा शांत होता. तो उसळला तीनदा. पूड गोळा करणारी बरणी सोडवून तिच्या बुडाला टिचक्या मारल्या तेव्हा, पिशवीचं तोंड आवळताना आतली हवा दाबून काढली तेव्हा, आणि पाळी संपल्यावर मावशींनी कोरड्या केरसुणीने जमीन झाडली तेव्हा. तिसरी उसळी सगळ्यात मोठी होती, आणि मास्क फक्त यंत्रावरच्या मुलाला दिलेला होता. गाळणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बहुतेक कण सुरकुतलेले, काही मायक्रॉनचे गोळे होते. सुट्या काड्या क्वचित. याने मला थोडा धीर आला, पण गोळे चार-पाच मायक्रॉनचे म्हणजे खोल फुप्फुसात पोचण्याजोगेच. उपाय महागडा नव्हता. केरसुणीऐवजी ओलं फडकं, टिचक्यांऐवजी बंद जोडणी, पिशवीच्या तोंडाशी हवा ओढणारी नळी, आणि मावशींनाही मास्क. पुढच्या मोजणीत आकडा उतरला. मावशींना मी विचारलं, एवढ्या दिवसांत कधी काही त्रास? त्या म्हणाल्या, "पीठ उडतं तसं उडतं, त्यात काय विचारायचं?" त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पाण्यातल्या जिवांचं प्रकरण निराळं. ओढ्या-नाल्यात हे गेलं तर काय, हे पाहायला ओईसीडीच्या ठरलेल्या चाचण्या आहेत: शेवाळ, डॅफ्निया आणि मासे. डॅफ्निया म्हणजे गोड्या पाण्यात उसळ्या मारत फिरणारा, टाचणीच्या डोक्याएवढा जीव. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं हृदय धडधडताना दिसतं. कॅनडातल्या संशोधकांनी २०१० मध्ये स्फटिकरूप नॅनोसेल्युलोजवर अशा चाचण्यांची मालिका छापली आणि विषारीपणा कमी दिसला. पण आमच्याकडे आलेल्या एका लगद्याने डॅफ्निया पटापट मेले. नमुना देणाऱ्याने आधीच सांगितलं होतं, झाडाचंच आहे. आम्ही तोच लगदा नीट धुतला आणि चाचणी पुन्हा लावली. डॅफ्निया व्यवस्थित पोहत राहिले. धुतलेलं पाणी वेगळं तपासलं, तर मारेकरी तिथे सापडला: लगदा नासू नये म्हणून घातलेलं बायोसाइड. लगदा उघड्यावर काही आठवड्यांत आंबतो, बुरशी धरतो, तेव्हा ते घालणं समजण्यासारखं आहे. पण माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नव्हता. नाल्यात जाणारा माल तंतू आणि बायोसाइड असा जोडीने जाणार, मग उत्तरही जोडीचंच द्यायला हवं.

निसर्गात हे कुजतं का? न बदललेलं नॅनोसेल्युलोज कुजतं, आणि पृष्ठभाग मोठा असल्याने काही चाचण्यांत जाड सेल्युलोजपेक्षा लवकर कुजलं आहे. पण तेलकट प्लास्टिकमध्ये मिसळावं म्हणून त्याच्या अंगावर रासायनिक गट चढवतात, तेव्हा सूक्ष्मजीवांचे विकर त्याला ओळखेनासे होतात. सिगारेटचं बूड हे त्याचं रोजचं उदाहरण आहे. ते सेल्युलोज अ‍ॅसिटेटचं असतं, मूळ लाकडातलंच, आणि तरीही वर्षानुवर्षं गटारात तसंच पडून राहतं. हिशोबात आणखी एक बाजू येते. पूर्वतयारी न करता नुसत्या दाबाने तंतू सोडवायला टनाला पंचवीस हजार युनिटांहून जास्त वीज लागल्याची नोंद आहे. विकरांची किंवा रासायनिक पूर्वतयारी केली की ती कित्येक पटींनी उतरते. अ‍ॅसिडच्या तऱ्हेत वीज वाचते, पण अ‍ॅसिड परत मिळवायची सोय नसेल, तर ते चुन्याने मारून जिप्समचे ढीग साचतात. पाकिटावर हिरवं पान छापण्याआधी हे विचारलं पाहिजे, असं मी प्रत्येकाला सांगते, आणि ते ऐकायला आवडत नाही हेही मला माहीत आहे.

गेल्या वर्षी जळगाव जिल्ह्यातला एक तरुण आला. केळीचा घड उतरवल्यावर बुंधा शेतात पडून राहतो. त्यापासून तो तंतू काढतो. त्याला "संपूर्णतः निर्धोक" असं लिहिलेलं प्रमाणपत्र हवं होतं आणि स्प्रे ड्रायर घ्यायला बँकेचं कर्ज. ड्रायर का, विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, ट्रकभर माल पाठवतो म्हणजे ट्रकभर पाणी पाठवतो. भाड्यातच सगळं जातं." त्याचं म्हणणं खरं होतं. सगळ्या उद्योगाचं घोडं इथेच अडतं. ओल्या लगद्यातून धूळ उडत नाही, पण वाहतूक परवडत नाही. सुकवलं की भाडं वाचतं आणि माणसाच्या छातीचा प्रश्न उभा राहतो.

मी त्याला निर्धोक असं लिहून दिलं नाही. कोणत्या खेपेचा माल, तंतूची लांबी किती, एंडोटॉक्सिन किती आणि ते कोणत्या पद्धतीने मोजलं, बायोसाइड कोणतं, ओल्या रूपातल्या चाचण्यांचे निकाल काय, हे लिहून दिलं. आणि पुडीवर कोणतीच चाचणी झालेली नाही, हेही ठळक लिहिलं. तो नाराज झाला. मग आम्ही बसून त्याचं गिऱ्हाईक कोण ते पाहिलं. कागदाची गिरणी. तिथे माल पाण्यातच मिसळायचा होता. शिवाय लांब तंतू एकदा सुकले की एकमेकांना असे चिकटतात, की पुन्हा पाण्यात नीट सुटत नाहीत. म्हणजे ड्रायरने त्याच्या मालाचा कसही गेला असता. दाबयंत्राने पाणी काढून वीस टक्क्यांच्या आसपास ओला गोळा करता आला, तर भाडं बरंच उतरत होतं आणि धूळ उडत नव्हती. त्याने ड्रायरचा बेत सध्या बाजूला ठेवला आहे.

परवा त्याचा फोन आला. पुढच्या खेपेचा नमुना पाठवायचा आहे, बायोसाइड न घातलेली एक बाटली वेगळी आणू का, असं त्याने आपणहून विचारलं. मी म्हटलं, जरूर आणा, बर्फाच्या पेटीत ठेवा, पण गोठू देऊ नका, आणि बुंधा कोणत्या शेतातला, कापून किती दिवस पडून होता, तेही चिठ्ठीवर लिहा.